दोन फळ्या

मागच्या बुद्ध पौर्णिमेला प्लास्टिकची खुर्ची करकरली
आणि पाण्यावर वाकलेलं अस्वल
मान वर करून निघून गेलं.
कागदावर मी लिहिलं: अस्वल, एक, पाठमोरं.
वनरक्षक उईके काहीच बोलले नाहीत.
त्यांचं ते काहीच न बोलणं
मी वर्षभर नागपुरात ऐकत होते.

म्हणून यंदा भर वैशाखात लकडगंज.
तोंडाला ओढणी, वेलजीभाईंची वखार,
सागाची एकच फळी मागितली.
"दरवाजा?" नाही. "दिवाण?" नाही. खुर्ची.
"एका फळीत?"
ते हसले, आणि आलापल्लीचा माल म्हणून
दोनशे रुपये जास्त लावले.
फळी स्कूटीवर आडवी बांधून सेंट्रल अव्हेन्यू पार केला.
या शहरानं मला पहिल्यांदाच रस्ता दिला.

एकतीस वर्षं मी फिजिक्सच्या प्रयोगशाळेत
मुलांनी घेतलेली मापं पुन्हा मोजते.
तेव्हा जाडी घेतली व्हर्नियरनं:
दोन पूर्णांक त्रेचाळीस शतांश.
खाच तेवढीच. अगदी तेवढीच.
कुलरसमोर फतकल मारून आधी गिरमिट, मग पटाशी, मग कानस.
तीन संध्याकाळी
वरणात भुसा, केसांत भुसा,
आणि चौथ्या दिवशी जीभ खाचेत शिरेचना.

गल्लीच्या तोंडाशी शालिकराम दिवाण दुरुस्त करतो.
त्यानं फळीवरून अंगठा फिरवला.
"मॅडम, लाकडाले पॉइंट नाही समजत.
दिवसभर कुलरचं पाणी पिऊन राह्यली ना थे,
फुगन नाही तं काय?
जराशी ढील द्या.
बसणाऱ्याचं वजनच घट्ट करते तिले."

खिळा नाही, सरस नाही, बिजागरी नाही.
एकीला खाच, एकीला जीभ,
आरपार घातली की मागे रेललेली फुली.
रिकामी असते तेव्हा ती खुर्ची नसतेच,
एकमेकींना टेकलेल्या दोन फळ्या.
कुणी बसलं की होते.

पहिल्यांदा बसले ती थेट उताणी.
गच्चीवरून बिसेनकाकू: "पडल्या का वो?"
"पडून पाहिलं," म्हटलं.
शेपूट आखूड राहिलं होतं.
जिभेचे खांदे चार बोटं आणखी कापले,
बसायची जागा तेवढीच कमी झाली.
एकाच फळीतून सगळं काढायचं,
तर कुठून तरी जाणारच.

सिल्लारीच्या पुढचा पाणवठा. मचाण.
भोवती निष्पर्ण साग, चांदण्यात उभे,
आणि त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी मांडीवर मी.
साडेनऊ: रानडुकरं, अकरा.
बारा दहा: सांबर मादी, पिल्लू.
मग काहीच नाही.
काहीच नाही, यासाठी रकाना नाही.
गुडघा दुखला, हलले, पुन्हा हलले,
खुर्ची गप्प.
अस्वल आलं नाही. खुर्ची करकरली नाही.
दोन्हींचा एकमेकींशी संबंध जोडायचा नसतो,
एवढं प्रयोगशाळेनं शिकवलंय.
तरी पहाटेपर्यंत जोडत बसले.

उजाडताना उईके चहा घेऊन वर आले,
इकडे तिकडे पाहिलं.
"रात्री खुर्ची होती ना?"
मी काखेतल्या फळ्या त्यांच्या हातात दिल्या.
त्यांनी आधी वास घेतला,
मग न विचारता जीभ खाचेत घातली, बरोबर बाजूनं,
आणि बसले.

रात्रभराच्या कोरड्या हवेत
लाकूड पुन्हा आटलं असणार.

करकरली.
आम्ही दोघांनीही
पाण्याकडे पाहिलं.