इश्यू रजिस्टर

हे निवृत्त झाले मार्चअखेर
आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात
माझ्या लोकरीवर पाळी आली.

तोवर तिचं बरं चाललं होतं.
लडी तांदळाच्या रिकाम्या पिशवीत, गुंडे दिवाणाखाली,
पांढरा दोरा जुन्या कुकरमध्ये, झाकण घट्ट बसतं म्हणून.
सुया तर कुठेही: लाइटबिलांत, पोथीत खूण म्हणून,
एक कायम माझ्या अंबाड्यात.
मला सगळं सापडायचं.
कुठे आहे ते फक्त दुसऱ्याला सांगता यायचं नाही.

भोसरीच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस
हे कसं सहन करील?
बोहरी आळीतून प्लास्टिकचे चोवीस डबे आणले,
धनकवडीपर्यंत, स्कूटरवर, पायांत धरून.
प्रत्येकावर चिठ्ठी: रंग, वजन, खरेदीचं साल.
साल कशाला?
"जुना माल आधी वापरायचा असतो."
कडुलिंबाचा पाला वाळवून मलमलच्या पुरचुंड्या बांधल्या;
डांबराच्या गोळ्यांनी म्हणे लोकरीला सरकारी कचेरीचा वास लागतो.
गुलाबी आणि राणी यांत फरक काय, तेही विचारलं.
मी सांगितला.
त्यांनी दोन्हीवर लाल लिहिलं.

एक गुंता निघाला, नारळाएवढा.
मी कात्री आणली, त्यांनी हात धरला.
दोन संध्याकाळी गॅलरीत बसून सोडवत होते,
लांब कात्रजच्या चढाला ट्रक गिअर बदलत होते.
साडेनऊ मीटर भरला.
तेही चिठ्ठीवर आहे.

मग सुया.
नंबर पुसले गेलेले, म्हणून व्हर्नियर काढला,
निळ्या मखमलीच्या पेटीतला,
जिला हात लावायची घरात कुणाला मुभा नव्हती.
एकेक सुई जबड्यात धरून हे वाचायचे,
मी वहीत लिहायचं.
अडीच. दोन. पावणेदोन.

मग ती बारीक पोलादी सुई आली.
टोकाशी मोजली.
अंगठा टेकतो तिथे मोजली.
चष्मा पुसून, उजेडाकडे वळून, पुन्हा तिथेच.
"ही झिजलीय."
जुनी आहे, मी म्हटलं.
"पोलाद आहे हे. नुसतं जुनं होऊन झिजत नाही."
वहीत काय लिहू, मी विचारलं.

लॉकआउटचे अकरा महिने.
भाऊजी दर महिन्याला थोडे पाठवतात,
असं मी ह्यांना सांगितलं होतं.
भाऊजींनाही तसंच पढवून ठेवलं होतं.
तोरणं रविवार पेठेतले बंबशेठ घ्यायचे,
मोरांचं सात रुपयांना, हत्तींचं नऊ,
सोंडेला वेळ लागतो.
हे झोपले की स्वयंपाकघरात, झिरोच्या बल्बखाली,
साखळी, खांब, साखळी, खांब,
आणि दूधवाल्याची सायकल वाजली की पिशवी कुकरमध्ये.

धारेकडे बघून जो सांगायचा
की हा बिट किती तास चाललाय,
त्याला हिशेबाला कागद लागला नाही.
ओठ तेवढे हलले.
मला वाटलं, आकडा सांगतील.
म्हणाले, "भाऊ कधी एवढा सढळ नव्हताच."
आणि उठून चहा टाकला.
साखर विसरले.

बाकी सुया आता थर्माकोलच्या खाचांत उभ्या आहेत, नंबरवारीनं.
ती एक व्हर्नियरच्या शेजारी, निळ्या मखमलीत आडवी.
हवी असली तर मागावी लागते.
रजिस्टर केलंय: तारीख, वेळ, काम, सही.
काल कामाच्या रकान्यात मी लिहिलं, हत्ती.
परत करायची तारीख
त्यांनी कोरी सोडली.