उसनं नाक

लिलावात मी पापलेट कल्ल्याशी धरून
एकदाच हुंगायचो आणि सांगायचो,
रात्रीचं की पहाटेचं, बर्फ किती वेळा बदललाय.
केळुसकराचं नाक म्हणजे तराजू, म्हणायचे बंदरावरचे व्यापारी.
मग एक ताप आला आठ दिवसांचा,
जाताना तेवढंच घेऊन गेला.
आता मी बोटाने दाबून बघतो मासळी,
कुठल्याही गिऱ्हाइकासारखा.

शर्वाणीने पुण्याहून आणले हे दोन जीव,
मुठीएवढे, डोळे मात्र भोकरासारखे.
शुगर ग्लायडर म्हणते ती, मालवणात उडती खार म्हटलं की भागतं.
नर जायफळ, मादी जायपत्री.
ती मिरजेला गेली नर्सिंगला
आणि पिंजरा आला माझ्या खाटेपाशी.

महिन्याभरात घरमालक पायरीवर, नाकाला रुमाल.
ज्या गल्लीत दोरीवर बांगडे वाळतात,
सोडे वाळतात, जाळी वाळतात,
त्या गल्लीत त्याला माझ्या घराचा वास आला!
मी म्हटलं, असेल. मला काय कळतंय.

म्हणून फिलू डिमेलोकडे नाक उसनं मागितलं,
वाटीभर साखर मागावी तसं, दाराबाहेर उभं राहून.
ती रोज सातला येते,
गाऊनच्या खिशात दोन्ही हात,
वाकते, आणि निकाल देते:
"मुताचो."
"कुसक्या पपईचो."
"ह्यो कसलो ता कळणा नाय, पण मारता."
मी कॅलेंडरवर लिहितो, तिथीच्या खाली.

असं शिकलो.
रात्रीची उरलेली फोड उजाडायच्या आत काढायची.
अंडं रोज घातलं की मूत उग्र होतं.
चाक रोज पुसायचं, फिनेल नाही, उदबत्ती तर नाहीच,
त्यांच्या फुप्फुसाला ती सोसत नाही.
फिलूच्याच घरचा माडीचा शिरका, त्यात निम्म्याहून जास्त पाणी,
आणि जुन्या बनियनचा तुकडा.

एकदाच चुकलो.
झोळ्या, दोऱ्या, फळ्या, ट्रे,
सगळं एका दिवसात धुतलं, वासाच्या पावडरीत,
आणि कडक उन्हात वाळवलं. वाटलं, सुटलो.
रात्रभर जायफळ पिसाटला,
डोक्यावरचं ते टक्कल दांडीदांडीवर घासत,
छाती कापडावर रगडत, इथून तिथे, तिथून इथे.
सकाळी फिलू उंबऱ्यावरूनच मागे फिरली.
"बाबल, केलंस काय ह्या?"

कुडाळचा डॉक्टर हसला नाही.
म्हणाला, त्याच्या घरावरची पाटी तुम्ही पुसलीत,
त्याने ती परत लिहिली, मोठ्या अक्षरांत.
एक झोळी नेहमी न धुतलेली ठेवा.

त्या रात्री मी माझ्याच उशीत तोंड खुपसलं.
काही नाही. नुसतं कापड.
मला कसला वास येत असेल, घाम, बर्फ, मासळी,
हे कुणाला विचारायचं?
फिलूला पिंजऱ्याबद्दल विचारता येतं.

नंतर जायफळचं ऑपरेशन केलं.
कुडाळहून यष्टीने आणला, टोपली मांडीवर,
शेजारचा प्रवासी विचारी, पोपट काय?
हळूहळू टकलावर लव आली.
कॅलेंडरवर: वायच. वायच. नाय.
नाय. नाय. नाय.
घरमालक भाडं घेऊन गेला, रुमाल खिशातच.

दुसऱ्या दिवशी मी तरीही दोन कपांचं आधण ठेवलं.
सात वाजले. सव्वासात.
मी गॅस बारीक केला,
मग मोठा केला, मग बारीक.
ती आली. वाकली.
आज बराच वेळ वाकून राहिली.
आत न धुतलेल्या झोळीत
जायपत्रीच्या शेपटीवर जायफळ झोपलेला.

"वायच मारता अजून," म्हणाली,
आणि स्टूल ओढून बसली.

खरं की खोटं, मला कुठे कळतंय.
मी लिहून घेतलं.