सहाची फेरी

पहाटे साडेतीनला कळ आली.
फार मोठी नाही.
पाळीच्या आदल्या रात्री येते तशी, ओळखीची,
आणि म्हणूनच मी घाबरले.

लाऊरी समुद्रावर, फेरो बेटांच्या पलीकडे कुठेतरी
मॅकरेलच्या मागे.
त्याला सांगायचं तर सॅटेलाइट फोनवर,
बोटीवरच्या अकरा जणांच्या देखत.
नाही सांगितलं.

न्हाणीघरातला दिवा लावून
कागद उजेडात धरला.
तपकिरी. नखाएवढा डाग.
गेल्या ऑक्टोबरात इथेच उभी होते,
तेव्हा रंग निरखावा लागला नव्हता.

लर्विकच्या दवाखान्यातली सुईण फोनवर
हळू बोलत होती, मागे कुणाचं तरी बाळ रडत होतं.
कितवा आठवडा? सहावा.
दुखतंय ते एका बाजूला की मधोमध?
मधोमध. बहुतेक.
चक्कर? नाही.
खांद्याच्या टोकाला दुखतंय का?

खांद्याला?
आपण पोटाचं बोलत होतो ना?
हो, पण सांगा.

मी आधी डावा चाचपला, मग उजवा,
कोटाच्या खिशात किल्ली शोधावी तसा.
उजवा दुखत होता.
काल शाळेच्या स्वयंपाकघरात बटाट्याचं पोतं उचललं होतं,
त्याचं असेल.
असेल, ती म्हणाली, पण आपण बघू.
सहाच्या फेरीनं या. गाडी स्वतः चालवू नका.
आणि मध्येच वाढलं, डोळ्यांपुढे अंधारी आली,
तर फेरीची वाट बघायची नाही,
लगेच फोन. संकोच नाही.

शेजारची बाबी आली नाइटगाउनवर स्वेटर चढवून.
तिच्या गाडीला मेंढ्यांचा वास.
कुठे, कशाला, काही विचारलं नाही,
सीटवरचा कुत्रा तेवढा मागे ढकलला.

फेरीवर तिकिटाला मान्सी.
इतक्या लवकर? त्यानं खिडकीत वाकून विचारलं.
दात, मी म्हणाले.
या बेटावर कुणाची गाय फळली
ते गायीच्या आधी लोकांना कळतं.
दात, म्हणाला तो, आणि पैसे न घेताच पुढे गेला.

अर्धा तास पाणी.
मी पोटावर हात ठेवत नव्हते. मुद्दाम.
हात ठेवला की बोलणं सुरू होतं,
आणि बोलणं सुरू झालं की नाव सुचतं.

तपासणीच्या खोलीत पडदा माझ्याकडे वळवायचा का,
विचारलं त्या मुलीनं. वळवा.
करडा, दाणेदार, मध्ये एक काळा ठिपका.
मला काही वाचता येईना.
लाऊरीला आलं असतं.
तो दिवसरात्र असाच पडदा वाचतो,
तळ कुठे, थवा कुठे,
कुठे नुसतं पाणीच.

पिशवी आहे, ती म्हणाली. गर्भाशयातच आहे,
जिथं असायला हवी तिथं.
ठोका दिसत नाही. सहाव्यात कधी कधी दिसत नाही.
म्हणजे चांगलं?
म्हणजे दहा दिवसांनी परत या.
तिनं खोटं हसून दाखवलं नाही,
याचे मी मनात आभार मानले.

दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल,
घरातल्या त्या दुसऱ्या गोळ्या नकोत.
लाल दिसलं, कळ वाढली, तर रात्री-अपरात्री फोन.
खांद्याचं? पोतंच होतं ते.

दिवस राहिलेत, म्हणतात बायका.
माझे दहा राहिलेत.

बाबी व्हॅनमध्ये झोपली होती, तोंड उघडं,
मांडीवर माझ्यासाठी बन, कागदात.
अर्धा कुत्र्यानं खाल्लेला.
उरलेला मी खाल्ला. भूक लागली होती,
या गोष्टीचं मला नवल वाटलं.

परतीच्या फेरीला पुन्हा मान्सी.
काचेवर टकटक केली.
दात?
आहे अजून, मी म्हणाले.
दहा दिवसांनी पुन्हा बोलावलंय.