चाळीस मिनिटं

हत्तरगीच्या टोलनाक्याअलीकडे
हिरव्या दिव्यांचे सहा खांब आहेत.
फलक कानडीत, बिल इंग्रजीत, शिव्या मराठीत.
चौथा खांब हट्टी. दुपार तापली
की आपला आपणच बंद पडतो.

मी इथे वीज विकत नाही.
माणसं ठेवते. बावीस वर्षं तेच केलं,
उद्यमबागेत, फौंड्रीच्या वरच्या खोलीत,
जिथे टेबलावर रोज काळी बारीक वाळू साचायची
आणि सही करताना कागदाखाली करकरायची.

हजेरी, ग्रॅच्युइटी,
कुणाच्या पोरीच्या लग्नाची उचल,
दिवाळीला बोनस आणि स्टीलचा डबा.
एका वर्षी डब्यांची झाकणं सैल निघाली,
तीन दिवस युनियन माझ्या दाराशी बसून होती.
अजून कुठे सैल झाकण दिसलं
की मी उगाच मागे वळून बघते.

मग इंजिनच्या ब्लॉकची ऑर्डर निम्मी झाली.
मग पाव.
पुण्याहून आलेले साहेब म्हणाले,
बाजार बॅटरीकडे निघालाय.
त्रेसष्ट पत्रं मी स्वतः टाईप केली,
कारण टायपिस्टचं नाव त्यांतच होतं.

लुमाण्णा होनगेकर, मोल्डिंग, टोकन चारशे बारा,
पत्राची घडी न मोडता म्हणाला,
"आनी तुमचं पत्र कोण लिवनार वो, मॅडम?"

कुणीच लिहिलं नाही.
मीच राजीनामा दिला, आणि आठ महिन्यांनी
त्या बॅटरीवाल्यांकडेच रुजू झाले.
नवऱ्याने काही विचारलं नाही.
सासूबाईंनी विचारलं, पगार वाढला का.
वाढला.

चिक्कोडी, गोकाक, खानापूरहून
डिप्लोमा झालेली पोरं येतात,
व्होल्ट-अँपिअर तोंडपाठ.
मी एकच विचारते:
गाडीला चाळीस मिनिटं लागतात.
तेवढा वेळ माणसाचं काय करशील?
बहुतेक म्हणतात, वायफाय.
निपाणीची तबस्सुम मुजावर,
आई तंबाखूच्या वखारीत, म्हणाली,
"आधी विचारीन, जेवलाय का."
तिला त्याच दिवशी घेतलं.

गेल्या मार्गशीर्षात लुमाण्णा आला.
कामाला नव्हे. पुतण्याच्या टेंपोत, शेजारी बसून.
नेमका चौथा खांब.
इंजिनिअरच्या स्क्रीनवर सगळं ठीक होतं.
लुमाण्णाने केबलच्या मुठीवर तळवा ठेवला,
तापाच्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा,
आणि म्हणाला, "आतला जोड ढिला हाय बघा."
उघडलं. आत काळं पडलं होतं.

मी विचारलं, राहता का इथं?
तो लांब रस्त्याकडे बघत राहिला.
"हितनं कवा काढनार, तेवढं आधी सांगा."

उत्तर नव्हतं म्हणून फॉर्म दिला.
नाव. वय. अनुभव: एकतीस वर्षं.
पुढच्या रकान्यापाशी त्याचं बोट थांबलं.
मागील नोकरी सोडण्याचे कारण.
त्याने पेन माझ्या हातात दिलं.
"हे तुमीच लिवा की."

टेबल स्वच्छ आहे इथलं. कागदाखाली काही वाजत नाही.
पुतण्याच्या गाडीला अजून अकरा मिनिटं.
तबस्सुम बाहेर त्याला विचारते आहे,
जेवलाय का.