रंगाचा रकाना

पेन्सिलीनंच लिहायचं, साहेबांनी बजावलं होतं,
म्हणजे चुकलं तर कचेरीत खोडता येतं.
मागच्या खेपेला हा रकानाच नव्हता.
आपल्या ब्राझीलमध्ये रंगबिंग काही नाही,
असं वर कुणीतरी ठरवलं होतं.
या खेपेला, ऐंशी साली, आहे. चार चौकटी :
गोरा, काळा, पिवळा,
आणि मधल्या सगळ्यांसाठी एक, पार्दो.

पाराग्वासूच्या काठानं मी माणसं मोजत निघाले.
न्हावी म्हणाला, लिही, दुधाळ कॉफी.
बायको आतून ओरडली, दूध कुठनं आलं रे?
नावाडी म्हणाला, उन्हानं रापलोय फक्त,
जुलैत येऊन बघ.
निवाल्दा बाई शाळेत शिकवतात,
त्या ‘दालचिनी’ म्हणाल्या आणि लाजल्या.
एकीनं पोरांना ओळीत उभं केलं :
हा गव्हाळ, हा निमगोरा, मी सावळी,
आणि यांचा बाप...
बाप घरी नाहीए.

सगळ्यांना मी पार्दोत बसवलं.
सोपं होतं. मीही तिथंच बसलेली,
जन्मदाखल्यावर, आईच्या हट्टानं.
रात्री नाकाला कपड्यांचा चिमटा लावून निजवायची ती मला.
शनिवारी विस्तवावर लोखंडी कंगवा;
कानाची पाळी भाजली की म्हणायची,
सोस, उद्या मिस्सा आहे.

देओलिंदा बाईंचं घर शेवटचं, रुळांपलीकडं.
वय? बहात्तर धर.
धंदा? तिनं हात पुढं केले.
चाळीस वर्षं चिरूट वळलेले,
बोटं तपकिरी, नखं त्याहून.
वळायच्या आधी निवडायची, म्हणाली.
खिडकीखाली पानं पसरायची आणि छटा लावायच्या :
फिकं, मधाळ, तांबूस, पिकलेलं, करपट.
पस्तीस छटा यायच्या मला, झोपेतही लावल्या असत्या.
पानांना कुठं ठाऊक?
एकाच झुडपाची ती,
वरच्याला ऊन जास्त, खालच्याला कमी.
छटा लागायच्या मालकाला.
छटेवर भाव ठरतो, पोरी.

भाव, ती पुन्हा म्हणाली,
आणि बराच वेळ काही बोलली नाही.
चुलीवर देंदेचं तेल तापत होतं.

माझ्या आजीच्या आईचाही कागद होता.
वय, दात, गुडघे, रंग.
शेवटी नाव, तेही त्यांनीच दिलेलं.
कुठनं आली ते कुणी लिहिलं नाही.
ती भेंडी कशी शिजवायची, त्यावरून आम्ही अंदाज बांधतो.

भाचा बोटीवर होता माझा, अनिझिओ.
न्यू ऑर्लिन्सला उतरला, तर काळ्यांच्या दारानं आत जा म्हणाले.
लागोसला उतरला, तर पोरं मागं लागली :
गोरा आला, गोरा आला!
तोच माणूस. सदरासुद्धा तोच.
हसता हसता तिला खोकला आला,
पाणी प्यायली, तेल उतरवलं.

मग काय लिहू? मी विचारलं.

काळी.

मीठ संपलंय सांगावं तशी म्हणाली.
मग माझ्या हाताकडं बघून :
पेन्सिल कशाला? पेन नाही तुझ्याकडं?
आयुष्यभर छटा लावल्या मी,
ही एक तरी काळ्या दगडावरची रेघ असू दे.

पिशवीच्या तळाशी होतं.
आधी नुसताच ओरखडा उठला कागदावर,
दोनदा झटकलं, मग शाई आली.
साहेब रागावणार.

परतताना लोखंडी पुलावर मालगाडी आली,
कठड्याला रेलून मी तिला वाट दिली.
पूल बराच वेळ थरथरत राहिला.
एकच फॉर्म कोरा उरला होता, आमच्या घराचा.
पहिल्या ओळीत आईचं नाव येतं,
आणि नियम असा आहे
की उत्तर गृहीत धरायचं नाही,
समोर बसून
विचारायचं.