कोपरे काळे येतील

मांडवीमागच्या ज्या गल्लीत समोरासमोर आलेल्या दोन स्कूटरांपैकी
एकीला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं,
तिथे हातिमभाईंनी पिवळ्या फडक्यावर
तीन भिंगं मांडली.

पहिलं नव्वदचं, जर्मन, पुढची काच वाटीएवढी.
उजेड नुसता ओतत होतं. अडतीस हजार.
मी हातात घेतलं आणि लगेच परत ठेवलं,
झोपलेलं दुसऱ्याचं मूल ठेवावं तसं.

दुसरं पासष्टचं. नजर अफाट,
पण चार बाय पाचच्या फिल्मवर त्याचं वर्तुळ
तोकड्या चादरीसारखं,
जरा वर ओढलं की पाय उघडे.
शिवाय कडेला उभ्या माणसाचं डोकं पपई होतं.

मग खणाच्या तळातून तिसरं निघालं. पुन्हा नव्वदचंच,
पण कुंकवाच्या करंड्याएवढं,
माझ्या आईच्या वयाचं.
आत, काचेच्या काठाशी, बुरशीचा एक बारीक तंतू.
मला तो हेअरलाइन फ्रॅक्चर वाटला.
बावीस वर्षं सयाजी हॉस्पिटलात एक्स-रे काढते,
दुसरं काय वाटणार.

‘खूणा काळा आवशे, बेन.
पहेलेथी कही दऊं छूं.’
कोपरे काळे येतील. बावीसच्या छिद्रावर आणलंत
तर जरा कमी काळे.
आणि शटर म्हातारं आहे,
एक सेकंद सांगितलंत तर दीड घेईल.

अकरा हजार. साडेनऊ. बोर्डाचं भोक मोठं करून देणार, फुकट.
साडेनऊ म्हणजे दिवाळीचा बोनस
आणि मिक्सर पुढच्या वर्षी.
भाचा नचिकेत म्हणाला होता,
मावशी, फोनमध्ये असतंच की वाइड.
असतं. त्याच्याशी भांडण नाही माझं.

घेण्याआधी एक फोटो काढून बघते, म्हटलं,
तुमच्याच दुकानाचा.
माझ्या दीडशेच्या लेन्समध्ये ते कधी मावलंच नव्हतं.
पाच फुटी दुकान, समोर लगेच भिंत,
कपाट घेतलं की हातिमभाई कापले जायचे,
हातिमभाई घेतले की कपाट.

तिपाईचा एक पाय गटाराच्या फरशीवर,
पाठ भिंतीला, डोक्यावर काळं कापड.
घासलेल्या काचेवर आधी काहीच नाही.
स्वस्त भिंगात थांबावं लागतं,
डोळ्यांनी अंधाराशी ओळख करून घेईपर्यंत.
मग हळूहळू, उलटे,
छताला लटकलेले हातिमभाई,
त्यांचे चाळीस खण, पेचकसांची बरणी,
आणि दोन्ही भिंती.
दोन्ही.

फिल्म म्हणजे आमच्याच खात्यातली, मुदत उलटलेली, एक्स-रेची.
डिजिटल आल्यावर खोकी मोडीत निघाली,
तेव्हा रीतसर पावती करून मी दोन आणली
आणि न्हाणीघरात लाल दिव्याखाली कापली.
ती होल्डरमध्ये सरकवून
सवयीनं म्हटलं,
श्वास रोको.
त्यांनी खरंच रोखला.
पलीकडे एक स्कूटर हॉर्न न वाजवता उभी राहिली.
एक, आणि वर अर्धा.
हवे छोडो.

रात्री ट्रेमध्ये चित्र उमटलं.
कोपरे काळे, कबूल केल्याप्रमाणे.
ही फिल्म लाल रंगाला आंधळी,
त्यामुळे काळ्या पाटीवरचं लाल अक्षरातलं
दुकानाचं नाव पार गेलं.
काउंटरवरचा हात लेन्सच्या जवळ होता,
तो चेहऱ्यापेक्षा मोठा आला.
येऊ दे. कमावलंय त्यानंच.

शुक्रवारी प्रिंट आणि साडेनऊ हजार घेऊन गेले.
पैसे त्यांनी न मोजता गल्ल्यात टाकले,
घड्याळजीची काच डोळ्याला लावली
आणि प्रिंटवर इतके वाकले
की टोपीची सोनेरी कड कागदाला टेकली.
स्वतःकडे बघितलंच नाही.
एकेक खण वाचत, वाचत
डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्याशी आले,
काळ्याशी.
‘इथे काय होतं?’
मी म्हटलं, मला काय माहीत, दुकान तुमचं.

काच तशीच डोळ्यात अडकवलेली,
ते मागे वळून
वर बघायला लागले.