तीस ग्रॅम डिंक

बोहरी आळीतला दुकानदार विचारतो, लाडवाला का?
मी हो म्हणतो. दर वर्षी हो म्हणतो.
खरं सांगितलं तर भाव वाढतो.
बाभळीचा द्या, फिका, खडा खडा.
पूड नको, पुडीत काय काय दळलेलं असतं.

तीस ग्रॅम डिंक, पन्नास मिली पाणी, डिस्टिल्ड,
आणि एक दिवस, एक रात्र
हात न लावता बसायचं.
घैसास बाई म्हणायच्या, तापवू नकोस हं लहू,
घाई केलीस की काळं पडतं.

दुसऱ्या दिवशी कुलपातलं क्लोरल,
दोनशे ग्रॅम, रजिस्टरात सही.
वास पिकल्या खरबुजाचा, पण मागाहून टोचतो.
हेच म्हणे पूर्वी
झोप न येणाऱ्यांना द्यायचे.
शेवटी वीस मिली ग्लिसरीन,
सुकताना तडकू नये म्हणून.

गाळायला धुतलेल्या पंचाचा तुकडा.
सालीचा कचरा वर राहतो,
खाली उतरतं ते मधाच्या रंगाचं, मधाच्याच चालीनं.
ढवळायचं नाही. बुडबुडा एकदा काचेखाली शिरला
की तो पेठेतला जुना भाडेकरू:
कोर्टात जा, नाहीतर त्याच्यासकट जगा.

चतु:शृंगीच्या कठड्यावरचं शेवाळ
वाटीत भिजवलं की रात्रीतून जागं होतं
आठ पायांचं पाणअस्वल,
मोहरीच्या दाण्याच्या पावपट.
त्याला उचलायचं
काडीला चिकटवलेल्या पापणीच्या केसानं.
केस बाईंचा. बाई जाऊन तीन वर्षं झाली,
केस अजून कामावर येतो.

थेंबात सोडायचं. काच एका कडेवर टेकवून
हळू निजवायची, तान्ह्यावर दुपटं घालावं तशी.
आठवडाभर उबेत ठेवलं की अंग निवळून जातं,
नख्या तेवढ्या स्पष्ट उरतात.
कडेनं हिच्या डबीतलं नेलपॉलिश, लाल.
परगावचे पाहुणे विचारतात, ही कुठली पद्धत?
मी सांगतो, धायरीची.

परवा तबस्सुमनं एक स्लाइड आणली.
एकोणनव्वदची, ऑगस्ट, चिठ्ठीवर बाईंचं तिरकं अक्षर.
डिंक आटून आत सरकलेला,
प्राणी अर्धा हवेत, भोवती खडे धरलेले.
टाकून देऊ का, काका?

मी कडेचं लाल खरवडलं
आणि स्लाइड पाण्यात ठेवली.
बाल्समनं सोडलं नसतं.
बाईंनी आयुष्यभर डिंकच वापरला,
म्हणायच्या, माझं चुकलं असलं
तर पुढच्याला उघडून बघता आलं पाहिजे.

चारच्या चहापर्यंत काच सुटली.
पस्तीस वर्षांनी ते पाण्यात आलं
आणि पाय हलले.
बशीला माझा धक्का लागला होता,
मला कळतं ते.
तरी चहा तसाच राहिला.

तबस्सुमनं नख्या तीनदा मोजल्या.
बाईंचं चुकलंच होतं, जात वेगळी निघाली.
मी तोच केस घेतला, नवा थेंब,
काच निजवली. बुडबुडा नाही.

जुनी चिठ्ठी तिनं काढली नाही,
दुसऱ्या टोकाला नवी लावली:
खरं नाव, तारीख, आणि तळाला बारीक अक्षरात
पुन्हा बसवणार: लहू.

आडनावाला जागा पुरली नाही.